मी अँड्रोमेडाचा खडक झालो

"आता ह्यो बाक नाय. आता ह्यो कैलास."

मित्रांनो, हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. तो आमच्या दशावतारी मंडळाच्या म्हाताऱ्या नाईकांचा होता. नाईक म्हणजे मंडळाचा प्रमुख. त्या दिवशी माझ्या अंगाला अजून रंध्याचा ताजा वास येत होता आणि आपलं पुढे काय होणार, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, कुणाच्या तरी पडवीत पडून राहीन, येणारे-जाणारे टेकतील, पान खातील, उठून जातील. तेवढ्यात नाईकांनी माझ्या फळीवर तळहात टेकवला, तोच आपल्या कपाळाला लावला आणि ते वाक्य म्हटलं. शंकराचं सोंग घेतलेला नट माझ्यावर येऊन बसला. समोर बसलेल्या माणसांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांना लाकूड दिसतच नव्हतं, बर्फ दिसत होता. कोकणात बर्फ कुणी पाहिलाय? पण त्या दिवशी सगळ्यांनी पाहिला.

मी एक जुना बाक आहे. फणसाच्या लाकडाचा, चार पायांचा, रुंद फळीचा. मसुरे गावच्या एका परसात मी झाड होतो, तेव्हा माझ्या अंगाखांद्यावर फणस लगडायचे. बाक झालो आणि माझ्यावर गोष्टी लगडू लागल्या.

दशावतारात महाल उभे करत नाहीत, डोंगर रंगवत नाहीत. मागे एक पडदा असतो, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज, आणि मधोमध मी. रावण बसला की मी लंकेचं सिंहासन. अर्जुन चढला की रथ. कुणी माझ्याआड लपलं की मी घनदाट अरण्य. आणखी एक गंमत सांगतो. आमच्या नाटकाला लिहिलेले संवाद नसतात. खेळाच्या आधी नाईक सगळ्यांना गोष्ट सांगतात, कोण कधी येणार ते ठरतं, आणि पुढचं ज्याने त्याने आपल्या तोंडाने उभं करायचं. ज्याला वेळेवर शब्द सुचला, तो नट. ज्याला नाही सुचला, त्याच्याकडे पखवाजवाला असा काही बघतो की विचारू नका.

शब्दाला कधीच न अडणारा एक नट मी पाहिला. गुरुदास. तो मंडळात आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. बायकांची कामं करायचा. लुगडं नेसून तो माझ्यावर बसला की पुढच्या रांगेतल्या बायका आपसूक आपला पदर सारखा करायच्या. त्याची देवयानी बघायला लोक आचऱ्याहून, पार दोडामार्गाकडून यायचे. शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते ना, ती विहीर मी व्हायचो. गुरुदास माझ्या काठावरून मागे कलंडायचा आणि असा टाहो फोडायचा की म्हातारेकोतारे उठून उभे राहायचे.

एका जत्रेत त्याच्या आईला राहवलं नाही. ती चारचौघींत म्हणाली, "माझ्या झिलासारखो ह्या मुलखात दुसरो कोण नाय." आणि त्याच आठवड्यात गुरुदासला ताप भरला, घसा बसला, अख्खा हंगाम तो अंथरुणात मुका पडून राहिला. दिष्ट लागली, असं सगळे म्हणाले. आईने त्यानंतर जन्मात कधी मुलाचं कौतुक केलं नाही. आणि गुरुदासनेही मनाशी गाठ मारली: आपल्या माणसाची स्तुती तोंडातून काढायची नाही.

पुढे तो स्वतः नाईक झाला. त्याला मुलगी झाली, सलोनी. ती लहानपणी तालमीला यायची आणि पेंगुळली की माझ्यावरच झोपायची. तिच्या तोंडाची लाळ माझ्या फळीवर सुकली आहे, तो डाग मी कुणाला पुसू देणार नाही. शाळेत जाऊ लागल्यावर ती दप्तर टाकून माझ्यावर चढायची आणि बापाची देवयानी करून दाखवायची. मंडळातली माणसं आधी हसायची. मग हसायची थांबायची. मग त्यांची तोंडं उघडीच राहायची. गुरुदास मात्र पानाला चुना लावत म्हणायचा, "काय बरा नाय."

"काय बरा नाय, बाबा? आवाज?"

"आवाज बरा नाय. हात बरे नाय. जा, अभ्यास कर."

ती खाली उतरायची. मला तिच्या पायांवरून कळायचं. चढताना ते पाखराचे असायचे आणि उतरताना पाटा-वरवंट्याचे.

मग आमच्या नाटकांत ट्रिकसीनचं खूळ आलं. धूर निघायला लागला, रंगीत दिवे फिरायला लागले, फणा उभारणारा नाग आला. मंडळाने फायबरचं सिंहासन घेतलं. त्याच्या पाठीत बल्ब होते. मी एकदाच त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि मला माझीच लाज वाटली. मला गुरुदासच्या घरामागच्या मांगरात नेऊन ठेवलं, जिथे गवत, कोयते आणि फुटकी कौलं ठेवतात. माझ्यावर कोकमं सुकू लागली. माझ्याखाली कोंबड्या बसू लागल्या. मित्रांनो, कोंबड्यांशी माझं भांडण नाही. पण जो एकदा कैलास झाला, त्याला खुराडं होणं जड जातं. बाहेर अंगणात तालीम चालायची, पखवाज घुमायचा, आणि माझ्या चारही पायांत तो ठेका शिरायचा. मी जागच्या जागी थरथरायचो. वरची कोकमं हलायची. कोंबड्यांना वाटायचं, मांजर आलं.

आता खरी गोष्ट ऐका. ती सांगताना अजूनही माझे खिळे ढिले होतात.

यंदाच्या हंगामाच्या सुरुवातीला एक दिवस जेसिंता टीचर आल्या. सलोनीला त्यांनी शाळेत शिकवलेलं. टीचरना बसायला द्यायला सलोनी मांगरात आली, तिने कोकमाची सुपं बाजूला केली, मला पदराने पुसलं आणि अंगणात आणलं. कितीतरी दिवसांनी मी ऊन पाहिलं.

टीचर माझ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "नाईकांनू, आमच्या वाडीत चॅपेलाचा फेस्त आसा, आमची जत्राच ती. तुमचो खेळ व्हयो. दर्याच्या काठार, सांजवेळेक."

गुरुदास म्हणाला, "आमचो खेळ? पाद्री ओरडाचे नाय?"

"पाद्र्यांनीच सांगितलांनी. फकत पुराणातला नको आणि बायबलातलाय नको. कायतरी दर्याचा करा, म्हणाले."

"दर्याचा म्हंजे?"

टीचरनी पिशवीतून चित्रांची कार्डं काढली आणि माझ्या फळीवर एकेक करून मांडली. त्यांचा भाऊ लुईस बोटीवर कामाला आहे. बोट ज्या बंदराला लागेल तिथे चित्रांचं दालन शोधायचं आणि एकाच मुलीचं चित्र विकत घ्यायचं, असा त्याचा छंद. लहानपणी ही बहीणभावंडं किनाऱ्यावरच्या खडकांत त्याच मुलीची गोष्ट खेळायची.

ती मुलगी म्हणजे अँड्रोमेडा. ग्रीक लोकांच्या पुराणातली राजकन्या. तिची आई, राणी, एकदा भर दरबारात म्हणाली, माझी मुलगी समुद्राच्या पऱ्यांपेक्षा देखणी आहे. समुद्राला राग आला. त्याने किनाऱ्यावर एक अक्राळविक्राळ जनावर सोडलं. गावं बुडायला लागली. देवाचा कौल मिळाला की मुलगी त्या जनावराला द्या, तर राज्य वाचेल. मग आईबापांनी मुलीला समुद्रातल्या खडकाला साखळ्यांनी बांधलं. शेवटी पंखांच्या वहाणा घालून उडणारा एक वीर, पर्सिउस, आभाळातून आला आणि त्याने तिला सोडवलं.

राणी बोलली त्या जागेला गुरुदासने मान हलवली. "म्हणान सांगतंय मी, पोरांची तारीफ करू नये."

सलोनी चित्रं बघत होती, आणि मित्रांनो, मीही बघत होतो. काय सांगू तुम्हांला! मातीच्या भांड्यावर अँड्रोमेडा होती. राखेखाली गाडल्या गेलेल्या एका शहराच्या भिंतीवर ती होती. कुणी तिला संगमरवरात कोरली, कुणी सोन्याच्या चौकटीत तेलरंगांत रंगवली, कुणी तिच्यावर गाण्यांची नाटकं रचली. दोन हजार वर्षं, त्याहून जास्तच, माणसांना ही मुलगी सोडवतच नव्हती. आणि प्रत्येक चित्रात तिच्या पाठीशी कोण होतं? खडक. वीराचं नाव सगळ्यांना ठाऊक, राजकन्येचं ठाऊक, पण तिला धरून उभा असलेला खडक कुणाच्या लक्षातही येत नव्हता. माझ्या लक्षात आला. माझ्या फणसाच्या काळजात काहीतरी टुणकन उडालं.

"टीचर," सलोनी म्हणाली, "ही सगळीकडे गोरी कशी?"

"रंगवणाऱ्यांनी केली. जुन्या गोष्टीत ती काळ्या माणसांच्या देशाची राजकन्या आसा."

"आणि सगळ्या चित्रांत तिचा तोंड बंद."

"व्हय गो. खूप जुन्या काळात तिच्यावर एक नाटक होतां म्हणतत. तेच्यात ती बोलायची. तां नाटक हरवला. थोडे तुकडे उरलेहत."

सलोनीने एक कार्ड उचललं, त्यावर बोट फिरवलं. "मगे आता आपल्या खेळात बोलात ती," ती म्हणाली.

शेवटचं कार्ड आकाशाचं होतं. टीचरनी सांगितलं, आभाळात एक तारकापुंज अँड्रोमेडाच्या नावाचा आहे आणि मराठीत त्याच पुंजाला देवयानी म्हणतात. शेजारचा पुंज तिच्या आईचा, त्या राणीचा, ती आपली शर्मिष्ठा. गुरुदास इतका वेळ पान चघळत होता, तो थांबला. त्याने कार्ड डोळ्यांजवळ नेलं.

"देवयानी? माझी देवयानी?"

"तुमचीच."

"मगे सांगीत कित्या बसलास? करूया."

तर अशी ती ग्रीक राजकन्या आमच्या अंगणात आली. संध्याकाळी मंडळ जमलं. धोंडूला समुद्राचं जनावर दिलं. धोंडू म्हणजे आमचा संकासूर. काळा बुरखा घालून तो आला की लोक भिण्याऐवजी खुर्चीतून पुढे सरकतात, कारण देवालाही उलट विचारायची त्याला मुभा असते. सुदेश पर्सिउस झाला. त्याने चपलांना कोंबड्याची पिसं चिकटवायला घेतली. माझ्या मांगरातल्या त्या कोंबड्या दोन दिवस रागावल्या होत्या.

"राजाचा काम कोण करतलो?" सुदेशने विचारलं.

"राजा बाजारात गेलो, असा सांगूया," धोंडू म्हणाला. "चेडवाक दर्यात देवची वेळ इली काय राजे बाजारातच जातत." चेडू म्हणजे आमच्याकडे लेक.

"अँड्रोमेडा मीच करतलंय," गुरुदास म्हणाला.

शेवटी धोंडूच बोलला. "नाईकांनू, रागावू नका. पण ह्या गुडघ्यांनी तुमका खडकाक बांधल्यार सोडवूक पर्सिउस नाय, डॉक्टर व्हयो."

गुरुदाससुद्धा हसला. दुसरा स्त्रीपार्टी मुलगा हंगामाआधीच कामासाठी गोव्यात निघून गेला होता. तेव्हा जेसिंता टीचर सरळ म्हणाल्या, "सलोनी आसा मा."

"तां चेडू? तेका काय येता?" गुरुदास म्हणाला.

पखवाजवाल्याने उगाच पखवाजाला कणीक लावली. गुरुदासने सगळ्यांकडे बघितलं आणि हात झटकला. "करूंदे एक डाव. मी राणी करतंय."

सगळे गेल्यावर टीचर आणि सलोनी माझ्यावर बसून होत्या. अंगणाच्या कडेला धोंडू आपलं जनावराचं कातडं शिवत होता, एका जुन्या जाळ्याला काळी फडकी जोडून.

"गोव्यात हॉटेलात काम मिळाला माका, टीचर," सलोनी म्हणाली. "सोमवारी हजर होवचा आसा."

"आणि जावचा आसा तुका?"

"माका हंयच काम करूचा आसा. मंडळात. पण बाबांच्या मंडळात बाबांका नको असताना कशी रवू? एक डाव, फकत एक डाव तेंनी बरा म्हटलानी, तर मी रवतंय. नाय तर सोमवारची बस."

"तेका सांगितलंस ह्यां?"

"सांगून म्हणवून घेतलेला काय कामाचा?"

तिची बोटं माझ्या कडेवर घट्ट होती. धोंडूची सुई मध्येच थांबली, मग पुन्हा चालू लागली.

फेस्ताचा दिवस उजाडला. माझी जागा मात्र मांगरातच होती, कारण मंडळाने कुडाळहून थर्माकोलचा खडक करून आणला होता. राखाडी रंगाचा, उंच, शेवाळ्यासकट. मी टेंपोत चढलो तो केवळ टीचरना बसायला म्हणून. वाळूत एका बाजूला उभा राहिलो आणि त्या खडकाकडे बघत राहिलो. खोटं कशाला बोलू, तो फार सुंदर दिसत होता.

पण मित्रांनो, किनाऱ्यावर तिन्हीसांजेला वारा सुटतो, हे त्या थर्माकोलला कुणी सांगितलं नव्हतं. सलोनीला बांधून बघायला म्हणून सुदेशने खडकाला दोरी लावली आणि वाऱ्याची एक झुळूक आली. खडक उचलला गेला. आधी तो सलोनीच्या पाठीवर आदळला, मग कलंडला, मग वाळूवरून टणाटण उड्या मारत माडांकडे पळत सुटला. त्याच्यामागे पर्सिउस, पिसांच्या चपला हातात घेऊन.

"खडक पळालो," धोंडू म्हणाला. "आता राजकन्येक कशाक बांधतलास? माका?"

सलोनी वळली. ती सरळ माझ्याकडे आली. मला उचलून तिने मधोमध वाळूत रोवलं, पाण्याच्या रेषेपासून थोडंसंच वर. माझे पाय ओल्या वाळूत रुतले. पाठीमागे खराखुरा दर्या होता. मला मांगर आठवला नाही की कोकमं आठवली नाहीत. मला इतकंच कळत होतं की मी पुन्हा मधोमध आहे.

सूर्य पाण्याला टेकायला आला तेव्हा खेळ सुरू झाला. आमची रीत अशी की आधी गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला सगळं सांगून त्याची परवानगी घ्यायची. समोर माडांखाली अर्धी वाडी चॅपेलातली आणि अर्धी देवळातली, अशी सगळी मिसळून बसलेली. राणीच्या वेशातला गुरुदास हात जोडून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या दर्याच्या काठार तुझी लेकरां जमली हत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"दूर देशाची एक राजकन्या आमच्या खेळाक इली आसा. तिची भाषा आमका येणा नाय, आमची तिका येणा नाय."

"व्हय म्हाराजा."

"तरी तिका आपली समजान घे. आणि चॅपेलातल्या माऊलीन, सायबिणीनय आमच्यार नजर ठेवची."

"व्हय म्हाराजा." हा होकार सगळ्यांत मोठा होता.

मग राणी बोलली. गुरुदासने काय गर्व उभा केला! नाकातली नथ चमकवत, कमरेवर हात ठेवत तो दर्याला म्हणाला, तुझ्या पऱ्यांना आरसा दाखव आणि मग माझ्या लेकीला बघ. बायका खुदखुदल्या. नटाची जीभ होती ती. नाटकात तो परक्याच्या लेकीचं कौतुक करत होता, त्याला कसली भीती?

पखवाज कडाडला, समुद्र कोपला. सलोनी आली. तिने तोंडाला सफेदा लावला नव्हता. आपल्या सावळ्या रंगातच ती आली, आणि ऊन तिच्या गालांवर तांब्यासारखं पसरलं. राणीने तिला माझ्यापाशी आणलं, माझ्यावर बसवलं, दोरीने बांधलं. दोरीचा पीळ माझ्या फळीत रुतला. मी खडक झालो. झाडाचा बाक व्हायला सुतार लागला होता. बाकाचा खडक व्हायला एका मुलीचं वजन पुरलं.

आणि ती बोलायला लागली. दोन हजार वर्षं मिटलेलं ते तोंड आमच्या वाळूवर उघडलं. ती आधी दर्याशी बोलली, मग त्याच्या आवशीची, म्हणजे आईची, आठवण काढत ओवीच धरली. पेटीवाल्याने हळूच सूर दिला.

*दर्या माझ्या दादा, तुका आवस आसा काय?*
*आवस बोलली मायेन, तेचो राग धरतंस काय?*

*आवशीक आपला चेडू दिसता चांदण्यावानी,*
*तितक्यार कित्या रे खवळला तुझा खारा पाणी?*

दुसऱ्या ओवीला तिचा आवाज कापला. लोकांना वाटलं, काय सुरेख अभिनय. मला बोटांतून कळलं, तो अभिनय नव्हता.

तेवढ्यात एक गोष्ट घडली, जी त्या देशोदेशीच्या चित्रांत कुठेच नाही. पुढच्या रांगेतली मथुराकाकी उठली. काकी मासे विकते, तिचे दोन्ही मुलगे दर्यावर जातात. ती सरळ वाळू तुडवत राणीपुढे येऊन उभी राहिली.

"ओ राणीबाय, चेडवाक कित्या बांधलात?"

गुरुदास गोंधळला. "दर्या कोपलो आसा, बाय."

"दर्या आमच्यारय कोपता. आमी तेका नारळ देतंव. तुमी नारळ देवन बगलात?"

"खरा आसा," मागून कुणीतरी म्हणालं. "नारळ दिलोच नाय ह्यांनी."

"राज्य इतक्या मोठा आणि घरात एक नारळ नाय?" दुसरी बाई म्हणाली. काकीने ओटीतून नारळ काढला, मला नमस्कार केला आणि तो माझ्या पायाशी ठेवला. जेसिंता टीचर पदराने तोंड झाकून हसत होत्या. ग्रीक लोकांना जे सुचलं नव्हतं, ते आमच्या वाडीला लगेच सुचलं होतं. आता गोष्ट पुढे कशी न्यायची? नारळ घेऊन समुद्र गेला, तर पिसांच्या चपला घातलेल्या सुदेशने काय करायचं?

काळं जाळं फडफडवत धोंडू पाण्याकडून वर आला. त्याने नारळ उचलला, कानाशी हलवून बघितला.

"पाणी बरा आसा," तो म्हणाला. लोक हसले. "मथुराबाय, तुझो नारळ मी घेतलंय. पण माझो राग नारळाचो नाय. राणी मोठ्यान बोलली आसा. तां तिना मोठ्यान परत घेवक व्हया."

तो राणीसमोर जाऊन बसला, मांडी घालून, जनावरासारखा नाही तर शेजाऱ्यासारखा.

"राणी, एक डाव म्हण, माझा चेडू काय बरा नाय. इतक्याच. मी ह्यो चल्लंय आणि तुझा चेडू सुटला. आणि माका असा कळला आसा की तां वाक्य तुझ्या घरात रोजच्या वापरातला आसा."

पडद्यामागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि एकदम गप्प झालं. मंडळातल्या प्रत्येकाला ते वाक्य पाठ होतं. म्हटलं की खेळ संपला, हशा झाला, टाळ्या पडल्या. म्हटलं की सोमवारची बस.

गुरुदासने तोंड उघडलं आणि मिटलं. शब्दाला कधी न अडलेला तो नट वाळूत उभा होता. पेटीवाला तोच एक सूर धरून राहिला. सलोनी बापाकडे बघत नव्हती. ती दर्याकडे बघत होती, आणि तिची बोटं माझ्या कडेत इतकी रुतली होती की तिथे वळ उठला असेल. धोंडू हलला नाही. त्याच्या बुरख्याआडचे डोळे हसत नव्हते.

मित्रांनो, ह्या गप्प क्षणात माझं सांगणं सांगून घेतो, कारण पुढचं बोलणं माझं नाही. आम्ही जुन्या वस्तू तुमच्याकडे फार मागत नाही. अधूनमधून मांगराचं दार उघडा. ओलं फडकं फिरवा. वाळवी लागली का बघा. आमच्यावर एकदा कुणी बसलं, की आम्ही अजून कैलास होऊ शकतो, विहीर होऊ शकतो, सातासमुद्रापलीकडचा खडकसुद्धा. आणि वस्तूंना जसं जपाल, तसंच घरातल्या माणसांनाही उजेडात आणा. कोंडून ठेवलेलं लाकूड निदान वाट बघतं. माणूस उठून निघून जातो.

एक लाट आली. ती माझ्या पायांपर्यंत आली, सलोनीचे पाय भिजवून मागे गेली. गुरुदासने नाकातली नथ काढली आणि मुठीत धरली. राणीचा नाजूक आवाज त्याने सोडून दिला. समोरच्या माणसांकडे पाठ करून, दर्याकडे तोंड करून, आपल्या घरातल्या घोगऱ्या आवाजात तो म्हणाला,

"बरा आसा माझा चेडू. माझ्यापेक्षा बरा. ज्या कोणाक राग येवचो आसात, तेका येंवदे."